पोर्चखाली उभे राहणारे सर

सरांसाठी एकदा पोलीस बोलावले गेले होते.

पदमपुऱ्यातला एक बंगला होता, साठच्या दशकातला. घरात कामवाल्या मावशी एकट्याच होत्या. सरांनी बेल वाजवली, "पाच मिनिटं स्लॅब बघतो" म्हणाले आणि दिवाणखान्यात जाऊन फरशीवर उताणे झोपले. मावशींना वाटलं म्हाताऱ्याला झटका आला. त्यांनी शेजारच्यांना हाक मारली. शेजारच्यांना वाटलं चोर आहे, त्यांनी चौकीवर फोन केला. हवालदार आला तरी सर उठले नाहीत. पडल्यापडल्याच त्याला म्हणाले, "या, तुम्हीही पडा. उभ्यानं दिसत नाही ते."

हवालदार काही पडला नाही, पण त्यानं मान वर केली. सगळ्या दिवाणखान्यावर एकही बीम नसलेलं छत होतं, घडी घातलेल्या कागदासारखं. थोडा वेळ बघून तो म्हणाला, "भारी आहे की. पण चला आता."

चौकीतून फोन मला आला. सर स्वतः मोबाइल ठेवत नसत आणि अडचणीत सापडले की माझा नंबर देत.

पॉलिटेक्निकमध्ये मी त्यांच्या हाताखाली बिल्डिंग ड्रॉइंग शिकले. पुढं मी जुन्या इमारती तपासण्याचं काम सुरू केलं. भिंती, बीम, सळया तपासायच्या आणि इमारत राहायला सुरक्षित आहे की नाही ते लिहून द्यायचं. सर निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःच्या अंगावर एक काम घेतलं, जे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. पन्नास, साठ, सत्तरच्या दशकांत गावात जी नव्या वळणाची घरं बांधली गेली ती शोधायची, आणि ती पडू नयेत म्हणून भांडायचं.

आपल्याकडं जुनं म्हणजे लेणी, मकबरा, दरवाजे. ते बघायला जगातून लोक येतात. सपाट छताचा, लांब छज्ज्याचा, सिमेंटच्या जाळीचा बंगला बघायला कोण येणार? मालकालाच त्यात काही दिसत नाही. तो पाडून त्याजागी पाच मजली इमारत उभी राहिली की शेजारी पेढे खायला जातात. सर अशा घराला जुनं म्हणू देत नसत. "नवं घर आहे हे," ते चिडून म्हणायचे. "ज्यानं बांधलं त्याला जुनं नको होतं म्हणून तर बांधलं ना?"

त्यांच्या हातात बारा महिने छत्री असे. ऊन असो नसो, ती उघडायची नाही, तिनं खिडक्या मापायच्या. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावायचे. फॉल्स सीलिंग केलेल्या खोलीत चहा घेत नसत, म्हणत, "वर काय लपवलंय ते कळल्याशिवाय घशाखाली उतरत नाही." आणि स्वतः राहायचे मुकुंदवाडी स्टेशनजवळ, भाड्याच्या दोन खोल्यांत, जिथं गाडी गेली की कपाटातली भांडी वाजायची. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही असं एखादं घर घेतलं. "घेतलं की एकाच घराचा होऊन बसतो माणूस," म्हणाले.

घरमालकांशी मात्र त्यांचं वागणं अवघड होतं. ज्योतीनगरमध्ये एक आजोबा फरशीवर हात फिरवत सांगत होते, ही मोझॅक आमच्या मंडळींनी पसंत केली, तेव्हा त्यांना सहावा महिना होता. सर मध्येच म्हणाले, "ते राहू द्या. खिडकीचं लोखंड कुठून आणलं?" आजोबांनी फरशीवरचा हात काढून घेतला. बाहेर आल्यावर मी बोलले त्यांना. ते म्हणाले, "इंजिनियर, माणसं आठवणी सांगतात आणि पुढच्या महिन्यात घर पाडतात. मला आठवणींचं काय करायचंय?"

मला ते नावानं हाक मारत नसत. पहिल्या वर्षापासून मी "इंजिनियर".

आणि त्यांची एक सवय मला कायम घाबरवायची. कुठल्याही घरात गेले की जो भाग सगळ्यांत धाडसानं पुढं काढलेला असेल, त्याच्या बरोबर खाली जाऊन उभे राहायचे. खांब नसलेला पोर्च, अधांतरी जिना, लांबच लांब छज्जा. खाली उभे राहून वर बघत म्हणायचे, "गणित कागदावर कुणीही करतो. खरं असेल तर खाली उभं राहता आलं पाहिजे."

असंच एका पोर्चखाली त्यांना मी पहिल्यांदा गप्प झालेलं बघितलं.

ते घर उस्मानपुऱ्याच्या मागच्या बाजूला होतं. कमलताईंचं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, एकट्या राहायच्या. घर त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी बांधलेलं. बैठं, काळ्या दगडाच्या जोत्यावरचं, कोपऱ्याला वळसा घेऊन जाणारी मोठी खिडकी. पुढं एक पोर्च, रुंद आणि पातळ, पुढच्या बाजूला एकही खांब नाही. नुसता भिंतीतून बाहेर आलेला. बैठकीचं दार आणि स्वयंपाकघराचं दार, दोन्ही शेजारीशेजारी त्या पोर्चखालीच उघडायची.

सरांनी पोर्च बघितला आणि छत्री काखेत धरून त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मग घराला वळसा घालून आले. परत एकदा घालून आले. मग कमलताईंना म्हणाले, "घराला मागचं दार नाही."

"नाही," ताई म्हणाल्या.

"बुजवलं का?"

"नव्हतंच."

"असं कसं? नळ मागं, मोरी मागं. भांडी घासायला पुढून वळसा घालून जावं लागतं. ज्यानं नकाशा काढला त्यानं ही चूक कशी केली?"

"चूक नाही ती. अण्णांनी सांगून करून घेतलं तसं." ताई खुर्चीत बसल्या आणि आम्हालाही बसायची खूण केली. "अण्णा लहानपणी गंगापूरकडच्या एका खेड्यात होते. आजी लोकांच्या घरी कामाला जायची, अण्णा तिच्यासोबत. ज्या घरी जायचं तिथं मागच्या दारानं. दाराशी उभं राहायचं, आत नाय जायचं. वरून टाकतील ते पदरात घ्यायचं. मग अण्णा इथं नागसेनवनातल्या कॉलेजात शिकले, पुढं शिकवायला लागले. घर बांधायला काढलं तेव्हा मुंबईहून शिकून आलेला एक तरुण आर्किटेक्ट गाठला आणि त्याला सांगितलं, बाकी तुला काय करायचं ते कर, माझ्या घराला मागचं दार नको. भांडीवाली असो, दूधवाला असो, कलेक्टर असो, जो येईल तो पुढून येईल."

मी सरांकडे बघितलं. एरवी त्यांनी ताईंना तीन वेळा तोडलं असतं. ते छत्रीच्या मुठीकडे बघत होते.

"माझ्या आजोबांचं घरही गंगापूर तालुक्यातलंच," ते म्हणाले. "गावचं कुलकर्णीपण होतं आमच्याकडं. त्याला मागचं दार होतं."

"असणारच," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि सांत्वनही नव्हतं. "चहा घेता ना?"

सरांनी चहा घेतला. परतताना क्रांती चौक लागला. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "इंजिनियर, हे घर पडता कामा नये." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर कितीतरी घरांबद्दल उच्चारलेलं होतं, पण दर वेळी ओरडून. त्या दिवशी ते माझ्याकडे न बघता, हळू बोलले.

त्यानंतर त्यांचं दुसरीकडं लक्षच लागेना. दर दोन-चार दिवसांनी ते मुकुंदवाडीहून शेअर रिक्षानं यायचे, दातांच्या ब्रशनं सिमेंटच्या जाळीतली धूळ काढत बसायचे. कॉलेजची मुलं आणून घर दाखवायचे. दुपारी पोर्चखाली वेताची खुर्ची टाकून पेपर वाचायचे. ताई सुरुवातीला वैतागल्या, मग सवय झाली. "तुमचे सर आले की दूधवाल्यालाही पोर्चचं माप सांगतात," मला म्हणाल्या.

अडचण ताईंच्या धाकट्या भावापासून सुरू झाली. मिलिंद पुण्याला बँकेत होता, निवृत्तीला आलेला. घर दोघांच्या नावावर. एका बिल्डरनं त्याला गाठलं होतं. पण मिलिंदच्या मनात बिल्डरपेक्षा दुसरीच गोष्ट होती, ती त्यानं सरांना तोंडावर सांगितली. सुट्टीत आलेला असताना सकाळी त्याला दाराच्या पायरीवर सिमेंटचा ढलपा पडलेला दिसला होता, ताटाएवढा. तो ढलपा त्यानं सरांच्या पुढ्यात ठेवला.

"सर, तुम्ही घर बघता. मी इथं माझ्या बहिणीकडं बघतो. ती एकटी असते. या दारातून दिवसातून दहादा आत-बाहेर करते."

सरांनी ढलपा हातात घेऊन बघितला. "हा नुसता गिलावा आहे. गिलावा पडतोच. स्लॅबला काही झालेलं नाही, मी रोज खाली बसतो."

"तुम्ही बसता म्हणून तो पडणार नाही?"

"मिलिंद, सरांना कळतं त्यातलं," ताई म्हणाल्या.

मिलिंदनं ढलपा सरांच्या हातातून घेऊन परत पायरीवर ठेवला. पुण्याला गेला. आणि महिन्याभरात ताईंच्या दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली. घर तपासलं जाईल, मालकानं तज्ज्ञाचा दाखला तयार ठेवावा, नाहीतर पाडण्याची कारवाई होईल. ताईंनी फोन केला तेव्हा मिलिंदनं लपवलं नाही. "अर्ज मीच केला. तू माझं ऐकत नव्हतीस."

ताईंनी फोन ठेवला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या ऑफिसात. न बसताच म्हणाले, "दाखला दे."

"तपासून देते."

"तपासायचं काय त्यात? साठ वर्षं उभं आहे."

तरी मी गेले. सगळं घर तपासलं. भिंती उत्तम, छत उत्तम, पाया जसाच्या तसा. सर मागं मागं होते, प्रत्येक ठिकाणी "बघ, सांगितलं होतं ना" म्हणत होते. पोर्च मी शेवटी ठेवला. ते खाली खुर्चीत बसले, मी शिडी भिंतीला लावून घराच्या गच्चीवरून पोर्चच्या मुळाशी गेले.

पुढं खांब नसलेल्या स्लॅबचा सगळा भार वरच्या अंगाच्या सळया पेलतात, भिंतीजवळ. तिथंच वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं होतं. गळती थांबवायला दर काही वर्षांनी कुणीतरी वर कोब्याचा आणखी एक थर घातलेला, त्यानं वजन वाढलेलं. मी छिन्नीनं एक वीतभर जागा उघडली. सळईला हात लावला तर तिचे पापुद्रे बोटाला लागून आले. अंगठ्याएवढी असायला हवी ती, आत करंगळीपेक्षा बारीक उरली होती. शेजारचीही तशीच.

मी बाजूच्या कडेवरून वाकून खाली बघितलं. स्लॅबखाली सरांचे पाय आणि पेपरचा कोपरा दिसत होता.

"सर, खुर्ची घेऊन अंगणात या."

"का?"

"या आधी."

"तू सांग काय दिसतंय."

"सळया गेल्यात. उठा तिथून."

पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. ते उठले नाहीत. मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले, पोर्चच्या बाहेर, उन्हात. म्हटलं, घराचा दाखला देते, पोर्चचा देणार नाही. आजच्या आज खाली टेकू लावले पाहिजेत.

"टेकू दिसले की साहेब लोक आत पाऊलसुद्धा टाकणार नाहीत. धोकादायक म्हणून शिक्का मारतील आणि मशीन आणतील. पोर्च काढला तर या घराचं राहिलं काय?"

"घर राहील. ताई राहतील."

"तू माझ्याकडं शिकलीस."

"हो. म्हणून वरून फोडून बघितलं."

त्यांनी पेपरची घडी केली, छत्री घेतली आणि निघून गेले. मी ताईंना सगळं समजावून सांगितलं, टेकू लावणाऱ्या माणसाला पाठवते म्हणाले. तो गेला तेव्हा सर तिथं परत येऊन बसलेले होते. तपासणीपर्यंत काही करायचं नाही, असं ताईंना पटवून त्यांनी त्याला परत पाठवलं होतं. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस ते खरं असेल. पण सरांचा जीव आहे गं या घरात. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

त्या दोन आठवड्यांत फोन वाजला की मी आधी ताईंचा नंबर तर नाही ना ते बघायची.

तपासणीला दोन अधिकारी आले, सोबत एक मजूर. मिलिंद पुण्याहून आलेला. ताई बैठकीच्या दारात उभ्या, त्याच्याकडं न बघता. सर पोर्चच्या मधोमध, पायात पॉलिश केलेले बूट, काखेत छत्री. माझ्याकडं त्यांनी पाठ केलेली.

मी माझा अहवाल वाचून दाखवला. घर चांगलं, पोर्च धोकादायक. सर म्हणाले, "हिचं अर्धं खरं आहे." मिलिंद म्हणाला, "कुठलं अर्धं ते तुम्हीच ठरवणार का?" मोठे अधिकारी थकलेले दिसत होते. म्हणाले, वादात पडायचं नाही, उघडलेली जागा दाखवा.

आणि मजुरानं शिडी आणून पोर्चच्या पुढच्या कडेला टेकवली.

मी ओरडले, तिथं नको. तोवर तो दोन पायऱ्या चढला होता. शिडी हलली म्हणून मिलिंद धावत पोर्चखाली गेला आणि त्यानं ती दोन्ही हातांनी धरली.

मला काही ऐकू आलं नाही. सरांना आलं. आयुष्यभर भिंतींना कान लावलेला माणूस तो. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते म्हणून मला कळलं. त्यांची मान एकदम वर गेली, वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू आल्यासारखी. नंतर ते मला म्हणाले, वाळू सांडल्यासारखं वाजलं, भिंतीच्या आत.

"खाली उतर रे," ते मजुराला म्हणाले, अगदी शांतपणे. त्यानं उडी मारली. "मिलिंद, शिडी सोडा. बाहेर या."

"आता काय झालं?" मिलिंदला वाटलं, म्हाताऱ्याला तपासणी होऊ द्यायची नाही. त्यानं शिडी आणखी घट्ट धरली.

सरांनी छत्रीची मूठ त्याच्या दंडात अडकवली आणि सगळ्या अंगाचा जोर लावून मागं ओढलं. दोघंही अंगणात आडवे झाले. त्याच वेळी पोर्चच्या खालच्या अंगाचा एक मोठा थर सुटून खाली आला, शिडीवर, मिलिंद उभा होता तिथं. शिडी मोडली. धूळ उडाली, आणि धुळीच्या पलीकडं दारात ताई उभ्या होत्या. त्यांच्या आणि आमच्या मध्ये तो पोर्च, वर एक लांब आडवी भेग, उघडी पडलेली.

"ताई," मिलिंद उठत म्हणाला आणि पुढं निघाला. मी त्याचा शर्ट धरला.

"मागं सरका ताई," सर म्हणाले. ते अजून जमिनीवरच होते, एक हात विचित्र वळलेला. "आत जा. कोपऱ्यातल्या खिडकीशी या. ती पोर्चच्या बाहेर आहे."

खिडकीच्या गजांची चौकट आतून उघडणारी होती. मिलिंदनं बाहेरून खुर्ची लावली आणि ताईंना उचलूनच खाली घेतलं. ताईंनी पदरानं त्याच्या केसांतली धूळ झटकली आणि हात मागं घेतला.

सर उठून अधिकाऱ्यांसमोर गेले. मनगट सुजायला लागलं होतं.

"साहेब, लिहून घ्या. हा पोर्च धोकादायक आहे. या मुलीनं आधीच सांगितलं होतं. टेकू लावायला माणूस आला होता, त्याला मी परत पाठवलं. आज कुणी मेलं असतं तर ते माझ्यामुळं." ते थांबले. मग म्हणाले, "घर चांगलं आहे. तेही लिहा. पण तिच्या नावानं लिहा, माझ्या नको."

त्या संध्याकाळीच टेकू लागले. खाली दाट लोखंडी खांब, त्यांच्यामधून मांजरसुद्धा जाईना. आता पोर्च पुढच्या कडेपासून थोडा थोडा कापत आणायचा होता, आणि ते होईपर्यंत दोन्ही दारं बंद. ताई घर सोडायला तयार नव्हत्या. घर रिकामं झालं की ते गेलंच, असं त्यांना वाटत होतं, आणि वाटण्यात चूकही नव्हती. बिल्डरचा माणूस रोज गल्लीत चक्कर मारून जात होता.

ठेकेदार म्हणाला, "सोपं आहे. मागची भिंत नुसत्या विटांची हाये. एका दिवसात दार पाडून देतो. काम झाल्यावर बुजवू, नायतर राहू द्या. कामालाच येईल."

ताईंनी सरांकडं बघितलं. सर खाली बघत होते. हात गळ्यात अडकवलेला होता, आणि त्या घराबद्दल बोलायचा हक्क आपण गमावला असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिलिंद म्हणाला, "नाही."

"साहेब, महिन्याभराचा तर..."

"मागं दार पडणार नाही. ताई खिडकीतून जाईल-येईल. मीही. ज्याला यायचं तो पुढच्या खिडकीतून येईल."

ठेकेदाराला काही कळलं नाही. त्यानं खांदे उडवले. ताई मात्र भावाकडं बघत राहिल्या. घर विकायला निघालेला हाच तो.

खिडकीच्या पायऱ्या सरांनी केल्या. एका हातानं. विटा आणि सेंट्रिंगच्या फळ्या घेऊन, ताईंच्या गुडघ्याला झेपेल एवढीच एकेक पायरी, बाजूला धरायला लाकडी कठडा. आत खिडकीशी सोफा होता, त्यावर उतरायचं. मग महिनाभर त्या घरात सगळे खिडकीतून गेले. दूधवाला, भांडीवाली, नोटिशीवाले साहेबसुद्धा. मिलिंद पहिल्यांदा चढला तेव्हा मी तिथंच होते. आतून ताईंचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोललेला.

"बूट काढून ये रे. सोफ्यावर पाय पडतो."

पोर्च कापत होते ते सगळे दिवस सर यायचे. रस्त्याच्या पलीकडं कडुनिंबाखाली उभे राहायचे, हाताची घडी घालता येत नव्हती म्हणून एक हात नुसता लोंबत. माझ्याशी बोलत नव्हते. शेवटचा तुकडा भिंतीपासून सुटला त्या दुपारी रस्ता ओलांडून आले, ढिगाऱ्यातून एक सळई उचलली. ती दोन बोटांत दाबली, तिचा भुगा पँटवर पडला.

"पाणी कुठून शिरलं असेल गं?" त्यांनी विचारलं.

"कोब्याखालून. पहिल्याच थराच्या आधीपासून."

"म्हणजे मी बघायला लागलो त्याच्या कितीतरी आधी गेलेली होती."

"हो."

"हं," ते म्हणाले. "वर कधी चढलो नाही मी. खालूनच बघत राहिलो."

एवढंच आमचं बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी परत "इंजिनियर" झाले.

नोटीस मागं घेतली गेली. मिलिंद निवृत्त झाल्यावर पुण्याचं बिऱ्हाड हलवून तिथंच राहायला आला. पोर्चच्या जागी त्यानं हिरवी शेडनेट बांधली. सरांना ती बघवत नसे, गेटातून आत येताना मान खाली घालायचे. पण तिच्याबद्दल त्यांनी कधी एक अक्षर काढलं नाही, हे त्यांच्या बाबतीत फार होतं. नव्या घरी गेले की आता ते बाहेर थांबत. मी वर चढून बघून आले आणि "चला" म्हटलं, की मगच छताखाली पाऊल टाकत.

सर मागच्या थंडीत गेले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आम्ही चिकलठाण्याला गेलो होतो. सोबत कमलताई होत्या, त्यांना आता या घरांचा नाद लागला होता. जुन्या कारखान्यांच्या मागं एक बंगला होता, गोल खिडक्यांचा, गच्चीला वळणदार कठडा असलेला. मालकीणबाई साठीच्या. जिन्यापाशी अर्धवट उघडलेल्या दारात उभ्या राहिल्या, आम्हाला आत बोलवावं की नाही या विचारात.

"पाडायचं ठरलंय आमचं," त्या म्हणाल्या. "यात ठेवण्यासारखं काय आहे? खिडक्यांना पडदे बसत नाहीत, पंख्याचा वारा येत नाही."

मला माहीत होतं आता काय होणार. सर त्या गोल खिडक्यांचं माप सांगतील, जिना कसा अधांतरी आहे ते सांगतील, पाडणाऱ्यांची अक्कल काढतील, बाई दार लावून घेतील. ताईंनीही माझ्याकडं बघितलं.

सरांनी छत्री जिन्याला टेकवून ठेवली. "हे बांधलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"सासऱ्यांनी. कारखान्यात फोरमन होते."

"गोल खिडक्या त्यांनीच सांगितल्या?"

बाई थोडं थांबल्या. "तुम्हाला कशाला हवंय ते?"

"असंच. त्यांना काय पाहिजे होतं, ते ऐकायचंय."

बाईंनी आमच्याकडं बघितलं, मग घराकडं बघितलं, कुणीतरी पहिल्यांदाच विचारल्यासारखं. दार पूर्ण उघडलं आणि आत वळल्या.

"मग बसा," त्या म्हणाल्या. "ते काही एका वाक्यात सांगण्यासारखं नाही."

सर बसले.